गरोदरपणातील मधुमेह: रक्तातील खुणा आणि त्यांचे मोजमाप

गरोदरपणात प्रथमच आढळणाऱ्या मधुमेहाला बहुधा स्वतंत्र असे बाह्य लक्षण नसते; थकवा, वारंवार लघवीला होणे, तहान लागणे या तक्रारी निरोगी गर्भवतीलाही असतात, आणि म्हणूनच या विकाराचे निदान जैविक निर्देशकांवर, म्हणजे शरीरातील एखाद्या प्रक्रियेची अवस्था मोजून दाखवणाऱ्या घटकांवर, अवलंबून राहते. यांपैकी सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा निर्देशक म्हणजे रक्तातील ग्लुकोज होय. मात्र त्याचा भरवसा केवळ त्या रेणूच्या गुणधर्मावर ठरत नाही. नमुना कोणत्या क्षणी घेतला, तो कशात ठेवला आणि किती वेळाने तपासला, यांवरही तो तितकाच ठरतो.

गर्भधारणेच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणारी संप्रेरके, विशेषतः ह्यूमन प्लासेंटल लॅक्टोजेन, मातेच्या पेशींना इन्शुलिनला पूर्वीइतका प्रतिसाद देऊ देत नाहीत, आणि त्यामुळे गर्भाला ग्लुकोजचा पुरवठा अखंड राहतो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करून हा भार पेलते. ज्यांचे पेलू शकत नाही त्यांची रक्तशर्करा वाढते. ही वाढीव शर्करा वारेतून गर्भाकडे जाते, पण मातेचे इन्शुलिन जात नाही. परिणामी गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन निर्माण करू लागते, बाळ अवाजवी वाढते आणि जन्मानंतर मातेकडून येणारी शर्करा एकाएकी थांबल्यावर त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. हा कार्यकारणभाव डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडला.

भारतातील सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी ज्या पद्धतीने होते, ती चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आकाराला आली. गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून प्यायला दिले जाते, आणि बरोबर दोन तासांनी रक्त तपासून शर्करा दर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळल्यास मधुमेहाचे निदान केले जाते. या चाचणीसाठी उपाशीपोटी येण्याची अट नाही, आणि हीच तिची खरी ताकद आहे; कारण वाडीवस्तीवरून पायी किंवा मिळेल त्या वाहनाने येणाऱ्या स्त्रीला उपाशी ठेवणे त्रासाचे असते, आणि ‘उद्या उपाशी या’ असे सांगितलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी पुन्हा येत नाहीत.

दर महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, आरोग्य केंद्रात गर्भवतींची गर्दी असते, आणि अशा वेळी या साध्या चाचणीची खरी कसोटी लागते. ते गोड पाणी पाच-दहा मिनिटांत संपवायचे असते, पण मळमळ असलेल्या स्त्रीला ते सहज जात नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने करावी लागते, त्यानंतर झाली तर पुढे चालू ठेवता येते. पेय घेतल्याची वेळ प्रत्येकीच्या नावापुढे नोंदवणे, मधल्या काळात तिने काही खाऊ नये व बसून राहावे याकडे लक्ष देणे आणि दोन तास होताच तिला बोलावणे, हे आरोग्यसेविकेचे काम वरवर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात निदानाची अचूकता या नोंदवहीपासूनच सुरू होते.

केंद्रात ग्लुकोमीटरवर लगेच तपासणी झाली तर पुढचा एक धोका टळतो. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर मात्र नळीतील रक्त स्वस्थ राहत नाही, हे ध्यानात घ्यावे लागते. तांबड्या पेशी शरीराबाहेरही ग्लुकोज वापरत राहतात आणि सामान्य तापमानाला ताशी सुमारे ५ ते ७ टक्के ग्लुकोज नाहीसे होते. एखादीची खरी शर्करा १४५ असेल, तर न हाताळता तासभर राहिलेल्या नळीत ती १३८ किंवा त्याहूनही कमी भरेल, आणि उपचारांची गरज असलेली स्त्री निरोगी ठरून घरी जाईल. यासाठी राखाडी झाकणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असते. परंतु हे रसायन ग्लुकोजच्या विघटनाच्या साखळीतील उशिराच्या पायरीवरचे विकर रोखते, त्यामुळे आधीच्या पायऱ्या काही काळ चालू राहतात आणि पहिल्या एक-दोन तासांतील घट थांबत नाही. म्हणून नमुना थंड ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये लवकर फिरवणे आणि प्लाझ्मा पेशींपासून वेगळा करणे, याला पर्याय नाही.

मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावणे हेही तितकेच जबाबदारीचे आहे. नऊ देशांतील सुमारे २५,००० गर्भवतींचा अभ्यास करून २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हापो’ संशोधनात असे दिसले, की शर्करा वाढते तसा मोठ्या बाळाचा आणि सिझेरियनचा संभव सलग वाढत जातो, मध्ये कोठेही सुरक्षित-असुरक्षित अशी स्पष्ट रेषा नाही. त्या आधारे २०१०मध्ये सुचवलेल्या आणि २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या मर्यादा उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ अशा आहेत. भारतातील १४० काय किंवा हे आकडे काय, त्या तज्ज्ञांनी विचारपूर्वक आखलेल्या सीमा आहेत. १३८ म्हणजे निश्चिंती असा त्यांचा अर्थ नव्हे.

एकाच नमुन्यात, उपाशी न राहता, निदान व्हावे या अपेक्षेने इतर निर्देशकांचाही शोध चालू आहे. एचबीए१सी, म्हणजे ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण, एरवी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. पण गरोदरपणात तांबड्या पेशींचे आयुष्य घटल्याने ते कमी दिसते, तर लोहाच्या कमतरतेत वाढते, आणि रक्तक्षय व्यापक असलेल्या देशात ही अडचण दुर्लक्षिता येत नाही. ग्लायकेटेड अल्ब्युमिन दोन-तीन आठवड्यांचे चित्र देते. चरबीपेशींतून स्रवणारे अ‍ॅडिपोनेक्टिन आणि लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे ग्लोब्युलिन हे दोन्ही घटक पुढे मधुमेह होणाऱ्या स्त्रियांत पहिल्या तिमाहीतच कमी आढळतात. तथापि यांपैकी एकानेही नेहमीच्या तपासणीत ग्लुकोजची जागा घेतलेली नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून ग्रामीण मातांचा व त्यांच्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यात मातेच्या रक्तातील बी-१२ कमी आणि फोलेट अधिक असताना मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनचा प्रतिरोध जास्त दिसला. मातेच्या रक्तातील खुणा पुढच्या पिढीच्या आरोग्याशीही निगडित असतात, हे या महाराष्ट्रातील कामाने दाखवून दिले.

नवे निर्देशक यायला हवेतच. पण गर्दीच्या दिवशी, मर्यादित साधनांत, आरोग्यसेविकेच्या हातून जे अचूक मोजता येईल तेच स्त्रीच्या उपयोगाचे ठरेल. तोवर प्रत्येक गर्भवतीने आणि तिच्या घरच्यांनी पहिल्या तपासणीलाच ही चाचणी मागून घ्यावी, पहिली चाचणी निर्दोष आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी, आणि मधुमेह आढळला असल्यास प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी होणारी तपासणी बाळाच्या धावपळीत चुकवू नये. कारण अशा स्त्रीला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो.