अब्राहमचे पुत्रार्पण

ज्यू व इस्लाम या दोन्ही धर्मांच्या पवित्र ग्रंथांत आलेली एक कथा. ईश्वराज्ञेनुसार स्वतःच्या पुत्राचा बळी देण्यास अब्राहम (अरबी इब्राहीम) सिद्ध झाला. परंतु ऐन वेळी ईश्वराने त्यास थांबविले व पुत्राऐवजी दुसऱ्या बळीची योजना केली, हा तिचा उभय धर्मांस मान्य असलेला गाभा होय. ज्यू परंपरेत या प्रसंगास ‘अकेदा’ म्हणजे ‘बांधणे’ म्हणतात. वेदीवर पुत्रास बांधल्यावरून हे नाव पडले.

तोरातील उत्पत्ती या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात कथा तपशिलाने येते. पुत्राच्या अंगावर दिलेली होमाची लाकडे, कोकरू कोठे आहे हा त्याचा प्रश्न, झुडपात शिंगे अडकलेला एडका इ. बारकावे तीत आहेत. पुत्राचे नाव आयझॅक (अरबी इसहाक) असे स्पष्ट दिले आहे. कुराणाच्या ३७ व्या सूरेतील निवेदन मोजक्या वचनांचे असून त्यात पुत्राचे नाव नाही.

या मौनामुळे प्रारंभीच्या मुस्लिम भाष्यकारांत एकमत नव्हते. अल्-तबरी (८३९–९२३) याने आयझॅकचा पक्ष स्वीकारला. इब्न कसीर (मृत्यू १३७३) याने मात्र तो पुत्र इस्माईल (हिब्रू इश्माएल) असल्याचे प्रतिपादिले व पुढे हेच मत रूढ झाले. आयझॅकच्या जन्माची वार्ता सूरेत या प्रसंगानंतर येते; ११ व्या सूरेत तर त्याच्यामागून याकूबही होईल असे आश्वासन आहे, मग त्याचा बळी कसा मागितला जाईल, असा हा युक्तिवाद. शिवाय तोरातील ‘एकुलता’ हे विशेषण थोरल्या इश्माएललाच लागू पडते, असेही म्हटले गेले. यावर, दोघेही आपापल्या मातेचे एकुलतेच होते, हे तालमुदमधील स्पष्टीकरण राशीने (१०४०–११०५) आपल्या भाष्यात दिले आहे. ज्यू आपला वंश आयझॅकपासून व अरब इश्माएलपासून मानतात. साहजिकच या प्रश्नास वारशाचे महत्त्व आले. तथापि तो केवळ वंशाभिमानाचा वाद समजणे योग्य नव्हे. अल्-तबरीचे उदाहरण त्याविरुद्ध जाते.

पुत्राच्या संमतीचा मुद्दा मात्र अधिक मूलगामी आहे. तोरात आयझॅक एकदाच प्रश्न विचारतो आणि नंतर काही बोलत नाही. कुराणात पिता आपले स्वप्न सांगून पुत्राचे मत विचारतो व पुत्र आज्ञापालनास संमती देतो. म्हणजे कसोटी दोघांची ठरते. लक्षणीय गोष्ट अशी, की ज्यू मिद्राशकारांनीही आयझॅकचे मौन भरून काढले. त्यांच्या मते तो त्यावेळी ३७ वर्षांचा होता व अंग थरथरून बळी सदोष होऊ नये म्हणून आपणास घट्ट बांधण्यास त्याने स्वतःच पित्यास सांगितले. ग्रंथवचने भिन्न असली, तरी भाष्यपरंपरा येथे परस्परांच्या जवळ येतात.

रोश हशाना या ज्यू नववर्षोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी हा अध्याय सिनॅगॉगमध्ये वाचतात. त्या सणात वाजविले जाणारे मेंढ्याच्या शिंगाचे ‘शोफार’ याच एडक्याची आठवण देते. मुस्लिम जिलहिज्जच्या १० तारखेस ईद-उल्-अज्हा (महाराष्ट्रात बकरी ईद) साजरी करतात व कुर्बानीच्या मांसाचा काही भाग गरिबांना वाटतात. मांस वा रक्त ईश्वराप्रत पोहोचत नाही, पोहोचते ती धर्मनिष्ठा, असे कुराणाच्या २२ व्या सूरेत सांगितले आहे. ज्यूंचे पशुयज्ञ इ. स. ७० मध्ये जेरूसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाल्यावर बंद पडले व त्यांची जागा प्रार्थनेने घेतली.