काशीस जावे, पण लवकर जावे

काशीयात्रा म्हटली की आपल्याकडे वार्धक्यच आठवते. मुलांची लग्नकार्ये उरकावीत, नोकरीतून निवृत्त व्हावे आणि गुडघे कुरकुरू लागले की मग काशीची वाट धरावी, असा जुना प्रघात. सुटीत दूरदूरच्या बेटांवर आणि समुद्रकिनाऱ्यांवर जाणारी कुटुंबेही काशी मात्र आजी-आजोबांसाठी राखून ठेवतात. वस्तुतः ऐंशीहून अधिक घाटांच्या पायऱ्या चढण्या-उतरण्याचे हे नगर तरुण पायांच्याच सोयीचे आहे. शिवाय मराठी मुलांना येथे आपल्या इतिहासाची कित्येक पाने पाण्याच्या काठी उघडलेली दिसतात.

या दर्शनाचा आरंभ राजा घाटापासून करावा. रेल्वेपुलाजवळचा राजघाट निराळा. नावाड्यास सांगताना एवढे ध्यानी ठेवावे. राजा घाट केदार आणि दशाश्वमेध या घाटांच्या दरम्यान आहे. पूर्वी याला अमृतराव घाट म्हणत. अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, दुसरा बाजीराव निघून गेला आणि काही काळ कारभार अमृतरावांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी बाजीरावास पुन्हा गादीवर बसविले. अमृतरावांनी तनखा पत्करला व ते उत्तरेत येऊन राहिले. १८२४ साली त्यांचे निधन झाले. पुण्याची सत्ता त्यांच्या वाट्यास टिकली नाही. गंगेकाठचा हा दगडी घाट मात्र टिकला.

येथून पहाटे नाव करावी. भाडे व वेळ आधीच ठरवून घ्यावी म्हणजे मागाहून घासाघीस होत नाही. येथे गंगा उत्तरवाहिनी असून बहुतेक घाट पूर्वाभिमुख आहेत. त्यामुळे सूर्य उगवताच साऱ्या पायऱ्या एकदम उजळतात. ही शोभा पाहण्यासाठी थोडी झोप मोडली तर वाईट वाटावयास नको.

उत्तरेकडे निघाले की अहिल्याबाई घाट लागतो. विद्यमान विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारले, हे मुलांना येथेच सांगावे. पुढे मानमंदिरात सवाई जयसिंगांची वेधशाळा आहे. दगडी यंत्रांवरून काळ कसा मोजीत, हे पाहण्यात शाळकरी मुले रमतात. मणिकर्णिकेवरून जाताना मौन पाळावे आणि छायाचित्रे घेऊ नयेत. त्यालगतचा शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी बांधविला. तो स्वतःच्याच भाराने खचला व पुढे शिंदे घराण्याने पुन्हा बांधला. जवळच एका अंगाला कललेले रत्नेश्वराचे देऊळ उभे आहे. नंतर येतो नागपूरकरांचा भोसले घाट. त्याच्या पुढे बालाजी घाट. तेथील मंदिरात बिस्मिल्ला खाँ यांनी सनईची साधना केली.

पंचगंगा घाटावर नाव थांबवावी. येथील बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या अधिपतींनी बांधलेले आहे. पैठणच्या एकनाथांनी आपले भागवत काशीतच १५७३ साली पूर्ण केले. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांचे घराणेही मूळचे पैठणचे. गोदावरी आणि गंगा यांचे नाते असे शतकानुशतकांचे आहे. कार्तिकी पौर्णिमेस येथील दगडी दीपस्तंभ उजळतो आणि सारे घाट पणत्यांनी भरून जातात. मात्र त्या दिवशी गर्दी अपार असते. निवासाची सोय बरीच आधी करावी.

परतताना राजा घाटाच्या दक्षिणेस नारद घाट दिसेल. पतिपत्नींनी येथे एकत्र स्नान केल्यास घरी कलह माजतो, अशी लोकसमजूत आहे. ज्यांच्या घरी नारदाच्या साहाय्यावाचूनच हे कार्य पार पडते, त्यांनी भिण्याचे कारण नाही! तेथून असीकडे गेल्यास भदैनी येथे राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थळ पाहावे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे काशीत चिमाजी आप्पांच्या पदरी होते.

दुसरा दिवस विश्वनाथाचे दर्शन, गल्ल्यांतील भटकंती आणि सायंकाळी दशाश्वमेधावरील आरती यांसाठी ठेवावा. न्याहारीस कचोरी-जिलबी आणि थंडीत गेल्यास दुधाच्या फेसाचा केशरी मलइयो चाखावा. तिसऱ्या दिवशी सारनाथला जावे. आपल्या राजमुद्रेवरील सिंह ज्या अशोकस्तंभावरून घेतले, त्याचा शीर्षभाग तेथील संग्रहालयात आहे. शुक्रवारी ते बंद असते. चौथ्या दिवशी हिंदू विश्वविद्यालयातील भारत कला भवन व पैलतीरीचा रामनगरचा किल्ला पाहावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पाणी घाटांवर चढते आणि नावाही बंद राहतात. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस थेट वाराणसीस जाते.

आजी-आजोबांनाही अवश्य बरोबर घ्यावे. त्यांच्याजवळ काशीच्या कथा असतात आणि नातवंडांजवळ पायऱ्या चढण्याचे बळ. दोहोंची गाठ एका नावेत पडली, तर ही यात्रा दोघांसही अधिक फळेल.