‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ खेळायला घेताना

सुपरहिरोंची आख्खी टोळी हाताळायला देणारे गेम थोडेच आहेत. त्यांतला ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ सप्टेंबर २०२० मध्ये आला. तो क्रिस्टल डायनॅमिक्सने बनवला, स्क्वेअर एनिक्सने बाजारात आणला आणि तीनच वर्षांत तो गुंडाळला गेला. तरीही तो खेळण्यासारखा आहे, फक्त कुठे थांबायचं ते आधी कळलं पाहिजे.

पहिली अडचण गेम मिळवण्याची. ३० सप्टेंबर २०२३ नंतर तो ऑनलाइन दुकानांतून काढून टाकला आहे. आपण आधीच घेतला असेल तर तो आजही पुन्हा उतरवून घेता येतो. नसेल तर जुनी डिस्क शोधावी लागेल. डिस्क घेण्याआधी आपल्या कन्सोलला डिस्कचा कप्पा आहे ना, एवढं पाहून घ्या. स्पायडर-मॅन हवा असेल तर प्लेस्टेशनचीच प्रत घ्यावी लागेल, कारण बाकी कुठे तो दिलेलाच नाही.

डिस्क घातली की अपडेट पूर्ण उतरू द्या. पहिल्या दिवसाच्या आवृत्तीत गेम अडकण्याच्या भरपूर तक्रारी होत्या. शिवाय मार्च २०२३ च्या शेवटच्या अपडेटमध्ये आधी पैसे देऊन घ्यावे लागणारे दुकानातले पोशाख सगळ्यांना फुकट मिळाले.

आता सुरुवातीच्या पडद्यावर जपून. इथे दोन वाटा दिसतात: एक कथेची मोहीम, दुसरी ‘अ‍ॅव्हेंजर्स इनिशिएटिव्ह’, म्हणजे इतरांबरोबर खेळायच्या सुट्या मिशन्स. उत्साहाच्या भरात दुसरीवर बोट पडतं आणि कथेचा शेवट आधीच कळून बसतो. गेम तशी सूचना देतो, पण सूचना वाचतं कोण! आपण मोहीमच निवडा.

कथा सुरू होते कमला खान या लहान मुलीपासून. अ‍ॅव्हेंजर्सची ही चाहती वडिलांबरोबर या हिरोंच्या सोहळ्याला आली आहे आणि कॉमिक्सचे अंक गोळा करत स्टॉल पालथे घालते आहे. या भागात मारामारी नाही म्हणून घाईने पुढे पळू नका. या गेममधलं सर्वांत जिवंत लिखाण कमलाच्या वाट्याला आलं आहे, आणि तिच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळेच पुढचे हिरो मोठे वाटतात.

मग सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर हल्ला होतो आणि थॉर, आयर्न मॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका, ब्लॅक विडो हे पाचही जण एकामागून एक आपल्या हाती येतात. ही शिकवणीच आहे. हलका फटका, जोरदार फटका, लांबून मारा आणि चुकवणं एवढी चार बटणं बोटांत बसवा. शत्रूच्या हल्ल्याआधी लाल खूण दिसली तर तो वार अडवता येत नाही, बाजूलाच व्हायचं. नवखे लोक इथेच मार खातात, कारण ते बटण दाबत राहतात आणि खुणेकडे पाहत नाहीत.

या गेमची खरी ताकद मारामारीतच आहे. थॉरने हातोडा फेकला की शत्रू जागीच खिळून राहतो आणि परत बोलावेपर्यंत थॉर नुसत्या मुठींनी लढतो. हल्क एका शत्रूला उचलतो आणि त्यालाच दुसऱ्याच्या अंगावर हाणतो. बटणं तीच, पण हिरो बदलला की हाताची लय बदलते. टोळीच्या गेममध्ये हे साधणं फार अवघड असतं; बहुतेक ठिकाणी पोशाख वेगळे आणि ठोसा एकच असतो.

मग दुखणं कुठे आहे? मोहीम पुढे सरकली की ‘गिअर’ मिळू लागतं, म्हणजे हिरोची ताकद वाढवणारे सुटे भाग. त्यांवर आकडे असतात, टक्के असतात, रंग असतात. पण भाग बदलला तरी हिरोच्या अंगावर काहीच दिसत नाही. आयर्न मॅनला नवा भाग चढवा, चिलखत होतं तसंच! अशा कमाईतली गंमतच निघून जाते. यात तासन्‌तास घालवू नका: जास्त आकड्याचा भाग लावा, बाकीचे मोडीत काढा, पुढे चला.

दुसरं दुखणं शत्रूंचं. मार्व्हलकडे खलनायकांची खाण आहे, पण इथे बहुतेक वेळ एआयएम या संघटनेचे यंत्रमानवच समोर येतात. त्यातून सुट्या मिशन्समध्ये त्याच पांढऱ्या, चकचकीत भुयारी प्रयोगशाळा. तिसऱ्यांदा शिरलात की कोणत्या दारामागून कोण येणार ते पाठ झालेलं असतं. कारण उघड आहे. गेम ‘लाइव्ह सर्व्हिस’ पद्धतीने, म्हणजे लोकांनी वर्षानुवर्षं रोज येऊन खेळावा या हिशेबाने बांधला, पण रोज यावं एवढं नवं त्यात घातलंच नाही. त्यात २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लेव्हल लवकर वाढवणाऱ्या वस्तू पैसे घेऊन विकायला काढल्या. खेळाडू भडकले आणि महिन्याभरात त्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांचा विश्वास मात्र गेला तो गेलाच.

सुट्या मिशन्स खेळायच्याच असतील तर चार जणांपर्यंतची टोळी करता येते. आता अनोळखी जोडीदार मिळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. संगणकाने चालवलेले सोबती घ्या आणि लगेच सुरू करा. पण ते आपल्याच हिरोंपैकी असतात, आणि ज्याला आपण कधी हात लावलेला नाही तो दुबळाच राहतो. दोन-तीन हिरो आलटून-पालटून खेळलात की हा प्रश्न येत नाही.

मोहीम साधारण दहा-बारा तासांत संपते. त्यानंतर केट बिशप या हिरोची, मग हॉकआयची आणि शेवटी ऑगस्ट २०२१ चं ‘वॉर फॉर वाकांडा’ या क्रमाने जोडकथा खेळा. त्या फुकट आहेत. वाकांडात प्रयोगशाळांऐवजी जंगल आहे, क्लॉसारखा खलनायक आहे आणि ब्लॅक पँथर हाती येतो. ते संपलं की गेम बंद करा, पॉवर लेव्हल, म्हणजे हिरोच्या ताकदीचा आकडा, वाढवत बसायच्या भानगडीत पडू नका.