ऑक्सिजन उडाला, मग इलेक्ट्रॉन कुणाचा?

महाडहून मी पुन्हा तुमच्या कानात. मागच्या भागानंतर पोलादपूरच्या एका बारावीतल्या ताईची व्हॉइस नोट आली. "दादा, झिंक ऑक्साइड तापवलं की पिवळं होतं. ऑक्सिजन निघून जातो आणि इलेक्ट्रॉन मागे राहतात, असं पुस्तकात आहे. पण ते इलेक्ट्रॉन कुणी पाहिलेत का?"

खरं सांगू? मी हेच उत्तर पाठ करून मार्क घेतले. हा प्रश्न मला कधी पडलाच नाही!

तर, इलेक्ट्रॉन म्हणजे इवलंसं चुंबक. जोडीत असले की दोघांचा परिणाम मिटतो. स्फटिकात दोष असला की कधी कधी एखादा एकटा उरतो. त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्याच्या ऊर्जेच्या दोन पायऱ्या होतात. दोन्हींमधल्या फरकाएवढीच मायक्रोवेव्ह आली की तो ती शोषतो. हेच इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे ईएसआर. १९४४ मध्ये कझानला झावोइस्कीने हे पहिल्यांदा टिपलं.

आंबेनळी घाटात रेडिओचं बटण हळूहळू फिरवत स्टेशन शोधतो ना, तसंच इथे. मायक्रोवेव्ह ९.५ गिगाहर्ट्झवर पक्की ठेवायची आणि चुंबकीय क्षेत्र वाढवत न्यायचं. मोकळा इलेक्ट्रॉन ०.३३९ टेस्लाला सापडतो. झिंक ऑक्साइडचा प्रसिद्ध सिग्नल मात्र ०.३४६ च्या आसपास येतो. याला म्हणतात g = १.९६.

स्टेशन लागलं, पण बोलतंय कोण? गोची इथेच आहे. बऱ्याच शोधनिबंधांनी या सिग्नलला 'ऑक्सिजनची रिकामी जागा' असं नाव देऊन टाकलं. पण हा इलेक्ट्रॉन एका जागी घट्ट बसलेला नसतो, तो आजूबाजूच्या बऱ्याच अणूंवर पसरलेला असतो. असे इलेक्ट्रॉन देणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्फटिकात शिरलेला हायड्रोजन, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं.

मग ती रिकामी जागा? तिच्यात दोन इलेक्ट्रॉन असतात, तेही जोडीने. म्हणून ईएसआरला ती दिसतच नाही! योग्य प्रकाश टाकून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढला, की मग g = १.९९ च्या जवळ तिचा आवाज येतो.

म्हणजे ताई, इलेक्ट्रॉन दिसलेत, पण तो सिग्नल पुस्तकातल्या ओळीचा पुरावा नाही. सिग्नल नाही म्हणजे दोष नाही, असंही नाही. परीक्षेत पुस्तकातलंच लिही हं! पण पुढे शिकलीस तर पवईच्या आयआयटीत ईएसआरचं यंत्र आहे आणि बाहेरच्यांचे नमुनेही तिथे तपासतात, हे लक्षात ठेव.

भेटू पुढच्या भागात!