कालवडीच्या अंगातला काटा

राधानगरीत पावसाची धार लागली की माणूस अर्धा दिवस गोठ्यातच असतो. तेव्हा एक टेप घेऊन कालवडीशेजारी उभं राहावं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, समजा, ६० इंच भरला. खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी ४८. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं, आणि ६६०नं भागा: सुमारे २६२ किलो. होल्स्टीनची संकरित कालवड अडीचशेच्या पुढं गेली की भरवायला हरकत नाही.

खरी नवलाई पुढंच आहे. हा हिशेब कालवड स्वतःही करत असते! तिच्या अंडाशयात जन्मापासून हजारो बीजांडं असतात. बीजपुटकं वासरातही लाटेलाटेनं वाढतात आणि विरून जातात. बीज मात्र सुटत नाही, कारण मेंदू अडवून धरतो. अंग भरू लागलं की चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. शास्त्रज्ञांना ते १९९४ साली सापडलं. मेंदूला पोचणाऱ्या निरोपांपैकी हा एक: साठा झालाय, गाभणपण पेलेल. मग मेंदूकडून संप्रेरकांचे ठोके भराभर पडू लागतात, आणि एका पहाटे कालवड हंबरते, शेजारणीवर उड्या घेते, काचेसारखा बळस लोंबू लागतो.

पूर्ण वाढीच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पहिला माज येतो. भरवायचं साठ टक्क्यांच्या पुढं. म्हणून लहान चणीची जर्सी संकरित कमी वजनातही तयार होते. देशी कालवड उशिरा वयात येते. प्रजननक्षमता आईबापांकडून फार थोडी उतरते, त्यामुळं निवडीनं ती सुधारायला पिढ्या लागतात. दोन दूरची रक्तं मिसळली तर मात्र पहिल्याच पिढीत उसळी दिसते. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर मिळून ‘फुले त्रिवेणी’ घडवली.

पण रक्त कितीही चांगलं असो, पोटात काय जातं? पावसाळ्यातलं गवत पाणचट असतं. पोट तट्ट दिसतं, वजन तिथंच. मग तिला वांझ ठरवून बाजार दाखवतात, याचं मला फार वाईट वाटतं. पेंड आणि जंताचं औषध देऊन दर महिन्याला टेप लावली असती तर? उलट नुसती चरबी चढवली तरी कासेचं आणि विण्याचं नुकसानच.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावं. हुकलं तर २१ दिवस वैरण घालत वाट पाहायची.