गाजरातलं नेमकं काय?

१९८१ साली रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो या दोन इंग्रज संशोधकांनी अमेरिकी काँग्रेससाठी एक भलामोठा अहवाल लिहिला. अमेरिकेत कॅन्सरने जे लोक मरतात त्यांच्या मृत्यूत कशाचा किती वाटा, याचा तो हिशेब होता. तंबाखूच्या खात्यावर त्यांनी ३० टक्के मांडले आणि आहाराच्या खात्यावर ३५. आहाराचा आकडा तंबाखूपेक्षाही मोठा! तो लगेच सगळीकडे गाजला. त्याच्या शेजारी लेखकांनी 'किमान १०, कमाल ७०' असंही लिहिलं होतं, ते मात्र फारसं कुणी वाचलं नाही. एवढी मोठी फट ठेवणारा माणूस अंदाज सांगत असतो. पण पुढची वीस वर्षं संशोधनाचा पैसा ज्या दिशेने वाहिला, ती या ३५ ने बरीचशी ठरवली.

त्याच वर्षी या दोघांनी आणखी दोन सहकाऱ्यांसह 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. गाजर, भोपळा, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं बऱ्याच पाहण्यांत दिसत होतं. मग या भाज्यांतलं बीटा-कॅरोटीन हेच ते राखणदार द्रव्य असेल का? लेखाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं. बाजारात पोहोचेपर्यंत ते गळून पडलं.

सुदैवाने काही जणांनी तो प्रश्न प्रश्न म्हणूनच घेतला. १९८५ पासून फिनलंडमध्ये सिगारेट ओढणारे ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष निवडले गेले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना नुसतीच गोळी. कुणाला काय मिळतंय हे ना त्यांना ठाऊक, ना डॉक्टरांना. पाच ते आठ वर्षं हे चाललं. एप्रिल १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कमी नव्हे, जास्त.

हा योगायोग असेल, असं तेव्हा अनेक जाणकार म्हणाले. अमेरिकेत तसाच एक प्रयोग चालू होता. सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले असे १८,३१४ जण, रोज ३० मिलिग्रॅम कॅरोटीन आणि जोडीला अ जीवनसत्त्व. जानेवारी १९९६ मध्ये तो ठरल्यापेक्षा २१ महिने आधीच थांबवावा लागला. फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त, एकूण मृत्यू १७ टक्के जास्त. योगायोगाची भाषा तिथेच संपली.

मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो तो फिनलंडच्याच माहितीतला एक तपशील. गोळ्या सुरू होण्याआधी सगळ्यांचं रक्त तपासलं होतं आणि कोण काय खातो याची नोंद घेतली होती. ज्यांच्या रक्तात तेव्हा, म्हणजे रोजच्या जेवणातून आलेलं, कॅरोटीन जास्त होतं, त्यांना पुढे फुप्फुसाचा कॅन्सर कमीच झाला. माणसं तीच, द्रव्य तेच. ताटातून आलं तर एक निकाल, गोळीतून आलं तर उलटा. याचा एक अर्थ असा लागतो की रक्तातलं कॅरोटीन हे त्या माणसाच्या ताटाची आणि राहणीची पावती होती. पावतीवरचा आकडा फुगवून घरात किराणा येत नाही. दुसरा अर्थ मात्रेचा. धुराने पोळलेल्या फुप्फुसात एवढ्या मोठ्या मात्रेतलं कॅरोटीन मोडतं आणि त्याचे तुकडे पेशींच्या वाढीला खीळ घालण्याऐवजी चालना देतात, असं पुढे फेरेट या प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं.

चीनच्या लिनशियन भागातला निकाल मात्र वेगळा होता. तिथली माणसं कित्येक पोषकद्रव्यांपासून वंचित होती. कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर तिथे कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. म्हणजे उणीव भरून काढणं वेगळं आणि भरलेल्यात ओतणं वेगळं. आपल्याकडे केरळमध्ये तोंडात कॅन्सरची पूर्वसूचना ठरू शकणारे पांढरे चट्टे आलेल्या लोकांना वर्षभर अ जीवनसत्त्व दिलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचे चट्टे गेले. औषध थांबवल्यावर त्यांतल्या बहुतेकांचे परत आले. तंबाखू आणि सुपारी तोंडात असताना दुसरं काय होणार? सुपारीने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेने २००४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं. पण कॅन्सर आणि आहार या आपल्या गप्पांत हळद असते, सुपारी नसते.

पूरक उपचारांचा प्रवासही थोडाफार याच वळणाचा. लायनस पॉलिंग, दोनदा नोबेल मिळवलेला माणूस, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने कॅन्सर रुग्ण जास्त जगतात म्हणाला. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये दोनदा पडताळलं, काही निघालं नाही. मानसिक आधाराची गोष्ट अधिक सालस आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी दाखवलं की स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला एकत्र बसून बोलत, त्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. पाहणी अवघ्या ८६ जणींची. कॅनडात मोठ्या गटावर तपासलं तर आयुष्य वाढलं नाही, मन मात्र हलकं झालं, वेदना कमी जाणवल्या. स्पीगल यांनी स्वतःच पुन्हा प्रयोग केला, आणि एकूण गटात आयुष्य वाढलं नाही हे २००७ मध्ये स्वतःच छापलं. असा प्रामाणिकपणा या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

गेल्या वीस वर्षांत जे टिकलं ते असंच, गाठ जिरवण्याचा दावा न करणारं. केमोच्या मळमळीवर नेहमीच्या औषधासोबत थोडं आलं, संप्रेरकरोधक गोळ्यांनी धरलेल्या सांध्यांवर ॲक्युपंक्चर. आपल्याकडे रुग्णाच्या उशाशी असतं ते निराळंच: गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळ, आणि साखर, दूध, पोळी बंद करण्याचा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला हुकूम. आधीच वजन उतरलेल्या माणसाचं खाणं तोडलं की केमोचे हप्ते पुढे ढकलावे लागू शकतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर बरा होण्याचं श्रेय लिंबूपाणी, हळद आणि कडुलिंबाला दिलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना सह्यांचं निवेदन काढावं लागलं. सिद्धू यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, हे त्या गाजावाजात मागे पडलं होतं.

जून २०२५ मध्ये मात्र एक मोठा, सरळ निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेले ८८९ रुग्ण, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम. आठ वर्षांनी त्यांच्यातले ९०.३ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले ८३.२ टक्के. दुसऱ्या गटालाही व्यायामाची माहितीपुस्तिका दिलेलीच होती. पहिल्या गटाला मिळाला तो पाठपुरावा करणारा प्रशिक्षित माणूस, आधी दर पंधरवड्याला, मग महिन्याला. आपल्या सरकारी इस्पितळात ती जागा कोण मंजूर करणार, हे अजून कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.