कोसाडहून दमणपर्यंत : चार दिवसांची सागरकिनारी सहल

सुट्टीचे दिवस जवळ आले की आपल्या समाजातील बहुतेक घरांत एकच बेत शिजतो : खानदेशातील गावी जाऊन यायचे, नाही तर शिर्डी-पंढरपूर करून परतायचे. यात गैर काहीच नाही. मुळांना पाणी घातलेच पाहिजे. परंतु ज्या मातीत आपल्या दोन-तीन पिढ्या रुजल्या तिची ओळख मात्र कारखाना, बाजार आणि स्टेशन एवढ्यापुरतीच राहते. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना साड्यांचा बाजार दाखवून आपण मोकळे होतो. म्हणून कोसाडहून दमणपर्यंतच्या चार दिवसांच्या सहलीचा आराखडा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. समुद्र आणि खाणेपिणे तर त्यात आहेच. परंतु या किनाऱ्यावर आपल्या माणसांची पावले कोठे कोठे उमटली आहेत, तेही मुलाबाळांना दाखवावे असा आमचा आग्रह आहे.

कधी निघावे?

या सहलीचा हंगाम बाजाराला विचारून ठरवावा. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत सुरतेत पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. तो येथे लिंबू-मिऱ्याची शेव घालून खातात. उंधियूचा काळही हाच. घारी मात्र शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे चांदनी पडव्याची. ती नंतर मिळाली तरी त्या दिवसाची मजा येत नाही.

तिथी पाहावी ती समुद्रासाठी. खंभातच्या आखाताजवळ भरती-ओहोटीतील अंतर फार मोठे असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला पाणी दूर जाते आणि किनारा सपाट असल्याने परतताना झपाट्याने येते. म्हणून वेळ विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नये, आणि वाळूत वाहन तर मुळीच नेऊ नये.

पहिला दिवस : सुरत

पहिल्या दिवशी मुक्काम घरीच. सकाळी लोचो खाऊन तापीकाठचा किल्ला पाहावा. तो 1546 मध्ये बांधून पूर्ण झाला. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. इंग्रजांनी आपली वखार जॉर्ज ऑक्झेंडनच्या नेतृत्वाखाली राखली. 1669 मध्ये मरण पावलेल्या या ऑक्झेंडनची भव्य कबर कतारगाम रस्त्यावरील इंग्रजांच्या कबरस्तानात आहे. शाळेच्या पुस्तकात वाचलेला प्रसंग दोन्ही बाजूंनी समजून घेण्यास याहून चांगली जागा नाही.

शेजारच्या डच कबरस्तानात व्हान ऱ्हीड या अधिकाऱ्याची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवर त्याने बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. 1678 मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तिघा कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन छापलेले आहे.

दुपारी नानपुऱ्यातून नानखटाई आणि बतासा बिस्किटे प्रवासासाठी घ्यावीत. सायंकाळी डुमसच्या काळ्या वाळूवर फेरफटका मारून टोमॅटोची भजी खावीत.

दुसरा दिवस : नवसारी आणि दांडी

नवसारी म्हणजे जमशेटजी टाटा यांचे जन्मगाव. 1949 मध्ये बडोदे संस्थान विलीन होईपर्यंत येथे गायकवाडांचा अंमल होता. येथील पारशी लोणची उसाच्या सिरक्यात मुरवतात. गाजर आणि सुकामेवा घातलेले लग्नाचे लोणचे अवश्य चाखावे.

येथून दांडी पंधरा-वीस किलोमीटरांवर आहे. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी येथे मूठभर मीठ उचलले. 2019 मध्ये उभारलेल्या स्मारकात पदयात्रींचे पुतळे आहेत. त्या यात्रेत विष्णु दिगंबरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे होते आणि वाटभर भजने गात होते. ही यात्रा सुरतेत शिरली ती आपल्या कोसाडशेजारच्या छापराभाठ्यावरून. ज्या रस्त्याने आपली मुले रोज शाळेला जातात त्याच्या आसपासच हा इतिहास घडला, हे त्यांना घरून निघण्यापूर्वीच सांगावे. रात्री नवसारीस मुक्काम.

तिसरा दिवस : तिथल आणि उदवाडा

सकाळच्या गाडीने वलसाड गाठावे आणि तिथलच्या किनाऱ्यावर दुपारपर्यंत विसावावे. नंतर उदवाडा. पारशांचा पवित्र इराणशाह अग्नी 1742 पासून येथे आहे. अग्यारीत इतरांना प्रवेश नाही. बाहेरूनच नमस्कार करावा. जुनी लाकडी घरे आणि छोटे संग्रहालय मात्र सर्वांसाठी खुले आहे. काही धर्मशाळा केवळ पारशांसाठी आहेत, म्हणून उतरण्याची सोय आधीच करावी. रात्री धानशाक, आणि मत्स्याहारी मंडळींनी बोई मासा सोडू नये.

दुधाने भरलेल्या पेल्यात साखर विरघळावी तसे पारशी या भूमीत मिसळले, अशी आख्यायिका आहे. त्यांनी गुजराती बोली आपलीशी केली, पण अग्नी विझू दिला नाही. परमुलखात स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांनी यावर घटकाभर विचार करावा.

चौथा दिवस : दमण

पहाटे लवकर उठावे. रात्रभर दवात ठेवलेले दूध घुसळून त्याचा फेस पेल्यात भरून देतात. ते दूध-ना-पफ केवळ थंडीतच मिळते आणि ऊन चढले की संपते. मग दमणला निघावे. मोटी दमणचा किल्ला, आतील 1603 चे बॉम जेझुस चर्च आणि नदीपलीकडचा नानी दमणचा किल्ला पायी पाहून होतो. डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली. दमणवरील चढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. दमणमध्ये मद्यविक्री खुली असली तरी गुजरातेत बंदी आहे. बाटली घेऊन सीमा ओलांडणे हा गुन्हा ठरतो, हे बरोबरच्या पुरुष मंडळींना बजावून ठेवावे! वापी स्टेशन येथून सुमारे बारा किलोमीटरांवर आहे. तेथून गाडी धरली की रात्री घरी.

सामानात टोप्या, पाणी, सुती कपडे आणि मुलांसाठी एक वही असावी. रोज रात्री त्यांनी दिवसभरात पाहिलेले आणि खाल्लेले चार ओळींत मराठीत लिहावे. गाव कोणते, असे कोणी विचारले तर आपली मुले आजोबांच्या गावाचे नाव सांगतात आणि कोसाडचे नाव घेताना किंचित अडखळतात. हा किनारा एकदा डोळसपणे पाहिला, तर दोन्ही नावे ती सारख्याच हक्काने सांगतील, असा आम्हांस भरवसा वाटतो.